पंधरवड्याची फेरी : हिवताप खात्याची वाटचाल

सव हे महाडजवळचे, सावित्रीच्या काठचे गाव. बाहेरच्यांना ते गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे ठाऊक आहे. मला ते माझ्या पहिल्या धड्यामुळे आठवते. हंगामी फवारणी कर्मचारी म्हणून हजेरीपटावर माझे नाव लागले, त्या वर्षी आमच्या पर्यवेक्षकांनी मला आधी झऱ्यावरच नेले. हातात लांब दांड्याचे पांढरे ओगराळे दिले आणि म्हणाले, "अळी शोध." कुंडातल्या कढत पाण्यात मी दहा वेळा ओगराळे बुडवले. काहीच मिळाले नाही. मग ते मला खाली घेऊन गेले, जिथे ते पाणी ओहोळाला मिळून निवते आणि कडेच्या गवतात रेंगाळते. तिथे उकिडवे बसून त्यांनी ओगराळे तिरके धरले आणि पाणी अलगद आत येऊ दिले. पांढऱ्या तळावर काडीच्या तुकड्यांसारखे दोन जीव पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवे पडले होते. "आडवी पडते ती ॲनॉफिलिस. ती आपली. डोके खाली करून लटकते ती क्युलेक्स, हत्तीरोगवाली. गढूळ गटारात शोधत बसशील तर आयुष्यभर क्युलेक्सच सापडेल. हिवताप स्वच्छ पाण्यात जन्मतो, हे लोकांना सांगत राहा."

पुढची पस्तीसेक वर्षे मी तेच सांगत राहिलो. या स्मरणिकेसाठी खात्याचा इतिहास लिहायला मित्रांनी सांगितले तेव्हा पहिला प्रश्न पडला की सुरुवात कुठून करायची. शाळेचा इतिहास इमारतीपासून सुरू होतो, बँकेचा पहिल्या भागधारकांपासून. आमच्या खात्याची गावात कधी इमारत नव्हती. अलिबागला जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांचे कार्यालय, पुण्याला सहसंचालकांचे कार्यालय, आणि त्यांच्या खाली पायी चालणारी माणसे. दर पंधरा दिवसांनी त्याच दारात जाऊन "घरात कुणाला ताप आहे का?" एवढे विचारणे, ही आमची संस्था. तिला आम्ही फेरी म्हणत असू. हा इतिहास त्या फेरीचा आहे.

फेरी नव्हती तेव्हा काय होते, ते म्हाताऱ्या माणसांकडून ऐकले आहे. "हिंव भरलं" असे म्हणत. दात कडकडा वाजायचे, तीन-तीन घोंगड्या घातल्या तरी थरथर थांबायची नाही, मग अंग भट्टीसारखे तापायचे आणि शेवटी घामाने अंथरूण भिजायचे. दुसऱ्या दिवशी माणूस उठून शेतावर जायचा आणि तिसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा आडवा. भाताची कापणी ऐन तोंडावर असताना घरातली दोन माणसे अशी पडली की पीक शेतातच लोळायचे. औषध म्हणजे कोयनेल, जहर कडू. ब्रिटिश अमलात त्याच्या पुड्या पोस्टातूनही विकल्या जात. पुडी घेतली की हिंव उतरायचे, पण ते कशाने आले हे कुणाला माहीत नव्हते. वाईट हवेने येते असाच जगभर समज होता. मलेरिया या इटालियन शब्दाचा अर्थही तोच.

१८८० मध्ये लॅव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरने अल्जेरियात रोग्याच्या रक्तात परोपजीवी पाहिला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना तो डासाच्या पोटात दिसला. तिथून पुढचा प्रश्न होता, कोणता डास आणि कुठल्या पाण्यातला. आपल्या बाजूला त्याचे पहिले खणखणीत उत्तर मुंबईने दिले. १९११ मध्ये डॉ. बेंटले यांनी मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल सादर केला. मुंबईत हिवताप पसरवणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्सी घराघरातल्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतो, असे त्यांनी दाखवले. विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका, ही त्यांची सूचना. त्यावर मोठा वाद झाला, कारण अनेकांच्या पूजेअर्चेला विहिरीचेच पाणी लागे. १९२८ मध्ये कोव्हेल यांनी पुन्हा तपास केला, आणि तोही विहिरी-टाक्यांपाशीच येऊन थांबला. महाड-पोलादपूरच्या लोकांना हा इतिहास परका नाही. इथली किती घरे मुंबईच्या गिरणीतल्या पगारावर उभी राहिली! चाकरमानी गणपतीला आला की गाठोड्यातून मिठाई यायची आणि कधीकधी रक्तातून तापही यायचा.

खेड्यांसाठी मात्र वेगळे उत्तर लागले. डोंगराच्या पायथ्याशी, सावकाश वाहणाऱ्या स्वच्छ झऱ्यांच्या गवताळ कडांना वाढणारा ॲनॉफिलिस फ्लुव्हिएटिलिस हा सह्याद्रीच्या कुशीतला खरा वैरी. त्याच्याशी पहिली मोठी लढाई उत्तर कानडा जिल्ह्यात झाली, जो तेव्हा मुंबई प्रांतातच होता. तापाने तिथली गावे ओस पडत होती. १९४२ मध्ये मुंबई प्रांताने हिवतापासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली आणि तिची धुरा डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्याकडे आली. महायुद्ध संपता संपता डी.डी.टी. हाताशी आली आणि कानडा-धारवाडच्या खेड्यांत घरांच्या भिंतींवर ती फवारण्याचे प्रयोग त्यांनी केले. त्यामागचा विचार साधा होता. मादी रक्त पिऊन जड होते आणि जवळच्या भिंतीवर विसावते. झऱ्यान् झरा गाठता येणार नाही, पण भिंत गाठता येते. आमच्या खात्याचा जन्म खरे तर त्या भिंतीपाशी झाला, असे मी मानतो.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे त्याने दगावत. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांत इतका फरक पडला की १९५८ मध्ये नावातला "नियंत्रण" जाऊन "निर्मूलन" आले.

फवारणी कशी चाले, ते सविस्तर सांगायला हवे, कारण ती पाहिलेली पिढी आता संपत आली आहे. पथकात पाच-सहा माणसे. बादलीत १० लिटर पाणी, त्यात ५० टक्क्यांची १ किलो डी.डी.टी. पावडर. आधी थोड्या पाण्यात कालवून लापशी करायची, मग उरलेले पाणी घालून फडक्यातून गाळायचे, नाहीतर नोझल तुंबते. स्टिरप पंपाला दोन माणसे लागत. एकाने बादलीबाहेर पंपाच्या पायट्यावर पाय रोवून दट्ट्या मारायचा, दुसऱ्याने नळी धरून भिंतीपासून हातभर, म्हणजे ४५ सेंटीमीटरवर, नोझल ठेवायचे. वरून खाली एक पट्टा, मग त्याला किंचित चढवून दुसरा. भिंत ओली दिसली पाहिजे, ओघळ येता कामा नये. एका चौरस मीटरला १ ग्रॅम औषध बसले पाहिजे, म्हणजे १० लिटरच्या त्या बादलीत ५०० चौरस मीटर झाले पाहिजेत. कमी झाले तर हात जड, जास्त झाले तर हात हलका. पर्यवेक्षक संध्याकाळी रिकामी पाकिटे मोजत. शेवटी दाराच्या चौकटीजवळ तारीख आणि खोल्यांचा हिशेब लिहायचा. ज्या खोलीत फवारू दिले नाही, तीही लिहायची.

नकार बहुतेक वेळा दोनच जागी यायचा, देव्हाऱ्यात आणि चुलीपाशी. सवच्या एका आजींनी मला ओटी, पडवी, माजघर, गोठा, सगळे मोकळेपणाने दाखवले आणि देवघराच्या उंबऱ्यावर आडव्या बसल्या. "इथं नाय हां बाबा. देवाला डास चावत नाय." मी म्हणालो, "आजी, चावून झाल्यावर डास देवामागेच लपून बसतो." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग उठल्या, देव परातीत घेतले, वर धूतवस्त्र घातले आणि परात डोक्यावर घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. आत फवारणी होईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. नंतर कितीतरी दारांत मला त्यांच्या त्या उभे राहण्याने बळ दिले.

कोकणात दुसरी अडचण सारवणाची. औषध भिंतीवर दहा-बारा आठवडे काम करते. पावसाच्या तोंडावर फवारणीची पहिली फेरी आणि श्रावणाच्या आसपास दुसरी. ती संपते न संपते तोच गणपतीची साफसफाई. कुडाच्या भिंतींवर शेणामातीचा हात फिरला की आमचे औषध त्याखाली गाडले जाई. बाईमाणसांवर रागावण्यात अर्थ नव्हता, वर्षाच्या सणाला घर सारवायचे नाही तर कधी? ज्या गावांत आम्ही आधी जाऊन "यंदा सारवण आधी उरका, आम्ही मागून येतो" असे सांगितले, तिथे दोन्ही निभावले. हे शहाणपण कुठल्या परिपत्रकात नव्हते. फेरीवरच्या माणसाला ते गावाने शिकवले.

भिंतीनंतर रक्त. फवारणीने डास कमी झाले तरी माणसांच्या रक्तात परोपजीवी उरतोच, आणि तो शोधण्यासाठी पंधरवड्याची फेरी आखली गेली. पंधरवडाच का? रोग्याला चावलेल्या मादीच्या अंगात परोपजीवी पिकून तिच्या लाळेत यायला आपल्या हवेत साधारण १० ते १४ दिवस लागतात. त्याआत रोगी गाठला, रक्त घेतले, गोळी दिली, तर त्याच्यापासून पुढे जाणाऱ्या साखळीची कडी निखळते. म्हणून तापाचा माणूस आपल्याकडे येण्याची वाट पाहायची नाही, आपणच जायचे.

डाव्या हाताचे अनामिका बोट, स्पिरिटचा बोळा, सुई टोचली की पहिला थेंब पुसायचा. मग एकाच काचपट्टीवर एका बाजूला जाड थर आणि दुसऱ्या बाजूला जिभेच्या आकाराचा पातळ थर. पातळ थर वाळला की त्यावरच पेन्सिलीने क्रमांक. ऐकायला सोपे आहे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, एखाद्या कोंडावर, श्रावणातल्या पावसात ही काच वाळवून दाखवावी! चुलीच्या उबेला धरली तर रक्त भाजते, उघडी ठेवली तर मुंग्या रक्त चाटून नेतात, डब्यात ओली घातली तर बुरशी धरते. आम्ही काचा शर्टाच्या आत, छातीशी धरून आणत असू. प्रयोगशाळेत त्या जे.एस.बी. रंगाने रंगवल्या जात. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी या आपल्याच शास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये काढलेला हा स्वस्त रंग, त्यावर देशातल्या कोट्यवधी काचा वाचल्या गेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशीतली ती अंगठी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बराच वेळ डोळा काढला नव्हता. एवढ्याशा जिवामुळे अख्खी घरे आडवी होतात, हे तोवर फक्त ऐकून होतो.

१९६१ मध्ये देशातल्या रुग्णांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास आली. साडेसात कोटींवरून पन्नास हजार! स्वतंत्र भारताच्या कामगिऱ्यांमध्ये या आकड्याला मानाची जागा हवी, आणि शाळेच्या पुस्तकांत ती मिळत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. पण याच यशाने घात केला. रोगी दिसेनात, तशी फेरी ढिली पडली. डी.डी.टी.चा पुरवठा वेळेवर होईना, डासही तिला सरावले, काचा दिवसेंदिवस तपासणीविना पडून राहू लागल्या. १९७६ मध्ये देशात सुमारे ६५ लाख रुग्ण नोंदले गेले. १९७७ मध्ये सुधारित कार्ययोजना आली. त्याच वर्षी आपल्याच जिल्ह्यात, रसायनीला, हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सचा कीटकनाशकांचा कारखाना सुरू झाला.

याच सुमाराला कर्तारसिंग समितीच्या शिफारशीवरून हिवताप, देवी, कुटुंबनियोजन अशी वेगवेगळी कामे करणारे कर्मचारी एक होऊन "बहुउद्देशीय" झाले. त्याने गावाला एकच ओळखीचा माणूस मिळाला, हे चांगले झाले. पण एका माणसाच्या पिशवीत दहा कामे आली आणि त्यात फेरीचा क्रमांक खाली गेला. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका प्रयोगशाळेत आमच्या काचा तीन आठवडे पडून होत्या. अहवाल आला तेव्हा त्यातला दूषित निघालेला तरुण कोळशाच्या भट्टीवर कामाला निघून गेला होता. सोबत बायको आणि दोन मुले. कुठल्या भट्टीवर, ते वाडीत कुणालाच सांगता आले नाही. मी त्याच्या नावापुढे "स्थलांतरित" असे लिहिले. अजून तो शब्द लिहिताना माझा हात अडखळतो.

इथल्या पावसाबद्दल एक गैरसमज नवीन कर्मचाऱ्यांच्याही मनात असतो. महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा जुलैतच हिवताप उसळेल असे त्यांना वाटते. तसे होत नाही. जुलैचा कोसळ झऱ्यांतल्या अळ्या वाहून नेतो. खरी धास्ती भादवा-आश्विनात, पाणी निवळते, झरे संथ होतात आणि कडांना गवत दाटते तेव्हा. त्या दिवसांत आमचे कीटक समाहारक पहाटे बॅटरी आणि काचेची नळी घेऊन गोठ्यांत शिरत. भिंतीवर डोके टेकवून, शेपूट वर करून तिरका बसलेला डास नळीने ओढून घ्यायचा, तोही जिवंत. या कामाला पहाटेच निघावे लागे, आणि वाटेवर विंचवाची भीती. याच तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशाच्या रोग्यांवर काम सुरू केले, ते जगभर गेले. आमच्यासारख्या अंधारात चालणाऱ्यांना त्या कामाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

१९९० नंतर कोकण रेल्वेचे काम आले. वीर, करंजाडी या बाजूला परराज्यांतले मजूर ताडपत्रीच्या झोपड्यांत राहत. त्यांच्या रक्तात कुठला परोपजीवी आहे हे कुणाला ठाऊक? आणि खणलेल्या खड्ड्यांत पाणी तर साठलेलेच. आम्ही त्यांच्या वस्त्या फेरीत घातल्या. मुकादमाशी आधी वाद, मग मैत्री, मग तोच "आज दोघांना ताप आहे" असा निरोप धाडू लागला. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या, २०२१ मध्ये तळीये. दोन्ही वेळा महाड पुरात बुडाले. दुःखाच्या त्या दिवसांत आम्ही चिखलातून फिरत होतो ते पूर ओसरल्यावर मागे राहणाऱ्या डबक्यांसाठी आणि लेप्टोस्पायरोसिसच्या तापासाठी. छप्पर गेलेली माणसे शाळेत झोपली होती, आणि त्यांच्या डोक्यावर मच्छरदाणी टांगायला दोरी कुठे बांधायची, हाच प्रश्न त्या रात्री सगळ्यात मोठा होता.

औषधे बदलत गेली. पूर्वी ताप दिसला की रक्त घेऊन लगेच क्लोरोक्विनच्या चार गोळ्या देत. आता आधी तपासणी, मग औषध. व्हायव्हॅक्स हिवतापाचा परोपजीवी यकृतात दडी मारतो आणि महिन्यांनी उठतो, म्हणून प्रायमाक्विन लागते. आम्ही ती वर्षानुवर्षे ५ दिवस दिली. पुढे कळले की ५ दिवस पुरत नाहीत, १४ हवेत. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ती द्यायची नाही. फॅल्सिपेरम हा मेंदूवर जाणारा, त्याने क्लोरोक्विनला दाद देणे सोडले आणि आर्टेमिसिनिनवर आधारलेली जोडऔषधे आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या आर-२१ लशीला २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली. ती मुख्यतः आफ्रिकेतल्या लेकरांसाठी आहे, पण आपल्या पुण्यातून जाते याचा मला अभिमान वाटतो. २०२७ पर्यंत देशात एकही स्थानिक रुग्ण उरू नये, आणि २०३० पर्यंत निर्मूलन, असे ध्येय आहे. "निर्मूलन" हा शब्द मी दुसऱ्यांदा ऐकतो आहे, आणि या वेळी तो खरा ठरावा असे फार वाटते.

गावकऱ्यांनी करायचे काम मात्र तेच राहिले आहे. अंड्यापासून डास उडायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. त्या दिवशी हंडे, पिंप, टाकी रिकामी करून घासून कोरडी करायची. रिकामी करता येत नाही त्या विहिरीत-हौदात गप्पी मासे. स्लॅबवरच्या टाकीला घट्ट झाकण. ओहोळाच्या कडेचे गवत छाटून पाणी वाहते ठेवायचे. रात्री मच्छरदाणी, आणि तिची कड गादीखाली खोचलेली. सवच्या ओहोळाची कड ज्या वर्षी गावाने श्रमदानाने साफ केली, त्या वर्षी माझे ओगराळे दहादा रिकामे निघाले. इतका आनंद मला बढतीनेही झाला नव्हता.

निवृत्त झाल्यावर गेल्या पावसाआधी एका कातकरी वाडीवर गेलो होतो. वीटभट्टीवरून कुटुंबे नुकतीच परतली होती. आशा कार्यकर्ती असलेल्या ताई तिथे आधीच पोचल्या होत्या. त्यांच्या वहीत दिवाळीनंतर गेलेल्या प्रत्येक घराचे नाव होते, आणि परत आलेल्यापुढे खूण. एका सहा-सात वर्षांच्या पोरीचे अंग गरम लागत होते. आईने तिला मांडीवर घेतले. बोट टोचले, थेंब झटपट तपासणीच्या पट्टीवर पडला, वर द्रावणाचे थेंब. आता पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. पोरीची आई पट्टीकडे पाहत होती, मीही पाहत होतो. एक रेघ उमटली, यंत्रणा ठीक असल्याची. दुसरी आली नाही, तिसरीही नाही. ताईंनी वेळ पुरी होऊ दिली, वहीत तारीख लिहिली, पोरीला तापाचे औषध दिले आणि म्हणाल्या, "ताप नाही उतरला तर उद्या निरोप धाडा. नाहीतर मी पंधरा दिवसांनी येतेच."